माळव्यातून निमाडात उतरताना : जुनी हिमालयन ४११

रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ ही मोटारसायकल २०१६ च्या मार्चमध्ये भारतात आली आणि २०२३ च्या अखेरीस पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या हिमालयन ४५० ने तिची जागा घेतली. त्यामुळे आता ४११ घ्यायची म्हणजे जुनीच घ्यावी लागते, आणि इंदूरमध्ये ती घ्यावी का, असा प्रश्न मला ओळखीचे लोक वारंवार विचारतात. माझ्याकडे २०१८ ची, बीएस-४ इंजिनाची (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी आहे. ती मी दुसऱ्या मालकाकडून घेतली, सुदामानगरपासून राजवाड्यापर्यंत रोज चालवते आणि सुटीच्या दिवशी महू, मांडव, महेश्वरच्या रस्त्यांवर नेते. लडाखच्या चित्रांवरून या गाडीविषयी मत बनवणारे पुष्कळ आहेत. मला ती माळवा आणि निमाड यांच्यामधल्या विंध्याच्या उतारावर तपासून पाहावीशी वाटते, कारण आपल्याकडच्या माणसाला ती जिथे वापरायची आहे ते रस्ते हेच आहेत.

इंजिन एका सिलिंडरचे आहे. सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे त्याची वर-खाली धाव, ८६ मिलिमीटर, म्हणजे व्यासापेक्षा स्ट्रोक लांब. या एका गोष्टीतून गाडीचा जवळजवळ सगळा स्वभाव निघतो. ताकद जेमतेम २४.५ बीएचपी, तीही ६५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तितक्या फेऱ्यांना. पण ३२ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे गाडी ओढणारा पिळाचा जोर, ४००० ते ४५०० आरपीएमच्या पट्ट्यातच मिळून जातो आणि त्याचा मोठा भाग त्याच्याही बऱ्याच खाली हाताशी असतो. लांब स्ट्रोकची दुसरी बाजूही आहे. ६५०० आरपीएमला हा पिस्टन सेकंदाला सरासरी १८.६ मीटर वेगाने वर-खाली धावतो, तर ४५०० ला तोच वेग १३ मीटरच्या आत राहतो. वरच्या आरपीएमला इंजिनाची नाराजी हँडलमधून आणि फूटरेस्टमधून कळते ती याचमुळे. कंपने कमी करण्यासाठी आत बॅलन्सर शाफ्ट दिलेला आहे आणि मधल्या आरपीएमला तो आपले काम चोख करतो. ज्याला एक्सिलरेटर पिळून गाडी पळवायची आहे त्याने या इंजिनापासून दूर राहावे, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगते.

महूहून मंडलेश्वरला जाणारा जाम घाटाचा रस्ता हे या इंजिनाचे खरे मैदान आहे. घाटाच्या माथ्यावर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा उभा आहे, आणि तिथून रस्ता जवळजवळ चिमट्यासारख्या वळणांनी निमाडात उतरतो. वर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३०-३५ च्या वेगाने वळणात शिरावे, वळण संपता संपता एक्सिलरेटर हलकेच उघडावा आणि गाडीने काहीही तक्रार न करता पुढच्या वळणाकडे निघावे, हा अनुभव मला लहान इंजिनाच्या गाड्यांवर कधी मिळाला नाही. तिथे प्रत्येक वळणाला गिअर उतरवावा लागतो आणि आरपीएम चढवत ठेवावे लागतात. उतरताना याच इंजिनाचा दुसरा गुण दिसतो. मोठ्या सिलिंडरमुळे एक्सिलरेटर सोडताच गाडी इंजिनावर रोखली जाते, त्यामुळे ब्रेकवर सतत बोटे दाबून ठेवावी लागत नाहीत आणि उताराच्या तळाशी पोहोचेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडत नाहीत. पुढे ३०० आणि मागे २४० मिलिमीटरची डिस्क आहे. पुढच्या ब्रेकचा पहिला चावा मवाळ आहे आणि शहरातून आलेल्या माणसाला तो अपुरा वाटेल, पण पावसाळी घाटात हाच मवाळपणा मला सोयीचा पडला. मीटरवर बाहेरचे तापमान दिसते, आणि उन्हाळ्यात महूपासून मंडलेश्वरपर्यंत तो आकडा चढत जाताना पाहिला की निमाड म्हणजे काय हे अंगावरच्या घामाआधी डोळ्यांना कळते.

सस्पेन्शनबद्दल मला मनापासून चांगले बोलायचे आहे. पुढच्या फोर्कला (चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना) २०० मिलिमीटर आणि मागच्या मोनोशॉकला (एकाच शॉक ॲब्जॉर्बरला) १८० मिलिमीटर वर-खाली खेळ आहे, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर आहे, आणि पुढचे चाक २१ इंचांचे आहे. आकडे वाचून फारसे काही कळत नाही. चोरल धरणाकडे किंवा तिंछ्याच्या धबधब्याकडे जाणाऱ्या, डांबर उखडलेल्या रस्त्यावर मात्र फरक लगेच कळतो. मोठे चाक खड्ड्यात पडण्याऐवजी त्यावरून चालून जाते आणि लांब खेळाचे फोर्क उरलेला धक्का गिळून टाकतात. फूटरेस्टवर उभे राहून चालवायची सवय लावून घेतली तर तासाभराच्या खराब रस्त्यानंतरही कंबर शाबूत राहते. चौकट ब्रिटनच्या हॅरिस परफॉर्मन्सने आखलेली आहे आणि ती चांगली ताठ आहे. भर वळणात मध्येच खड्डा आला तरी गाडी आपली ओळ सोडत नाही. या किमतीच्या आसपास भारतात बनलेल्या गाड्यांत इतके निश्चिंत सस्पेन्शन २०१६ मध्ये दुसऱ्या कोणाकडे नव्हते असे माझे मत आहे, आणि जुन्या गाडीतही, फोर्कचे तेल आणि सील वेळेवर बदलले असतील तर, ते तसेच राहते.

आता वजन. वर्षानुसार ही गाडी पेट्रोलसह १९१ ते १९९ किलोंच्या घरात भरते. सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्यामुळे माझ्यासारख्या पाच फूट चार इंच उंचीच्या बाईलाही दोन्ही पायांचे चवडे टेकवता येतात, आणि चालू गाडीत वजन जाणवत नाही. जाणवते ते उभ्या गाडीत : सराफ्याच्या गल्लीत ती मागे ढकलताना, उताराच्या तोंडावर लावलेली गाडी सरळ करताना, आणि सर्वांत जास्त, चिखलात आडवी झालेली गाडी उचलताना. माळव्याची काळी माती पावसाळ्यात काय करते हे इथल्या माणसाला सांगायला नको. ती टायरच्या नक्षीत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि या गाडीच्या पुढच्या चाकाला चिकटून जो खालचा मडगार्ड आहे त्याच्या आणि टायरच्या फटीत माती साचत साचत चाकच फिरेनासे होते. वर चोचीसारखा दुसरा मडगार्ड आहेच, त्यामुळे पावसाळ्यात शेतरस्त्याने जायचे असेल तर खालचा काढून ठेवणे उत्तम. तरीही जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या कच्च्या वाटेवर एकट्याने ही गाडी घालू नये असाच सल्ला मी देईन. तिथे हीरोची एक्सपल्स २००, जी जवळपास ४० किलोंनी हलकी आहे, ती हिमालयनपेक्षा कितीतरी उजवी ठरते. मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या वाटेवर चित्र उलटते, कारण तिथे वजनदार गाडी उडत नाही.

एबीएसविषयी एक बाब समजून घेतली पाहिजे. २०१८ च्या आसपासच्या बीएस-४ गाड्यांत एबीएस बंद करता येत नाही. सुट्या खडीच्या उतारावर मागचे चाक थोडे घसरू देऊन वेग मोडणे हाच सुरक्षित मार्ग असतो, आणि एबीएस ते होऊ देत नाही. थांबण्याचे अंतर वाढते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत मागच्या चाकाचा एबीएस बंद करण्याचे बटण आहे. डांबरी रस्त्यावर, विशेषतः पहिल्या पावसात तेलकट झालेल्या आग्रा-मुंबई रस्त्यावर, मला एबीएस हवाच असतो, म्हणून मी त्याशिवायची गाडी शोधली नाही.

त्याच आग्रा-मुंबई रस्त्यावर गाडीची मर्यादाही उघडी पडते. ताशी ८० ते ९० या वेगात ती दिवसभर आनंदाने चालते. लिटरला ३० किलोमीटरच्या आसपास देते, टाकी १५ लिटरची आहे, म्हणजे इंदूरहून निघून सेंधवा ओलांडून धुळ्यापर्यंत पेट्रोल पंपाकडे पाहण्याचीही गरज पडत नाही. पण शंभराच्या वेगात पुढचा ट्रक ओलांडायचा असेल तर हाताशी काही शिल्लक राहिलेले नसते. ओलांडण्याचा निर्णय बराच आधी आणि मोकळी जागा पाहूनच घ्यावा लागतो. सहावा गिअर नाही. ज्यांना पुण्याला किंवा मुंबईला नातेवाइकांकडे चौपदरी रस्त्याने वरचेवर जायचे आहे त्यांनी केटीएम ३९० ॲडव्हेंचर किंवा नवी ४५० पाहावी. हेडलाइट हॅलोजनचा आहे आणि खंडव्याच्या रस्त्यावर, सिमरोलच्या पुढे भेरूघाटात रात्री तो अपुरा पडतो. जोडीला चांगले दिवे बसवणे मी चैन मानत नाही.

देखभालीत ही गाडी मालकाला हाताशी धरून ठेवते, आणि जुनी एकसिलिंडर गाडी बाळगण्याचा मोठा आनंद मला तिथेच मिळतो. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. इंजिन हवेने आणि तेलाने थंड होते, त्यामुळे तेलाची पातळी पाहणे म्हणजे शीतकरणही तपासणे. व्हॉल्व्ह दोनच आहेत आणि त्यांचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, स्क्रू-नटाने जुळवता येतात, म्हणून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) वापरता येणारा कोणताही समजदार मिस्त्री ते काम करू शकतो. सोबत डबल स्टँड कंपनीचाच मिळतो. चेनला तेल देणे, चाक फिरवून स्पोक वाजवून पाहणे ही कामे घराच्या अंगणात होतात. टायर ट्यूबचे आहेत. पंक्चर झाल्यावर चाक उतरवावे लागते, तेव्हा दूरच्या प्रवासात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ट्यूबा, टायर काढायच्या पट्ट्या आणि हवेचा छोटा पंप सोबत असलाच पाहिजे, कारण २१ इंचांची ट्यूब निमाडातल्या गावच्या पंक्चरवाल्याकडे सापडेल याचा भरवसा नाही. गाडीला किक नाही, हेही लक्षात ठेवावे. बॅटरी बसली की फ्युएल इंजेक्शनचा पंपही बसतो. म्हणून बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की प्रवासाआधी तिची तपासणी करून घ्यावी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे अर्ध्या टाकीवर उभी ठेवणे त्यामुळे टाळावे, आणि जुन्या रबरी नळ्यांना भेगा पडल्या आहेत का तेही अधूनमधून पाहावे.

विकत घेताना गाडी डबल स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल डावीकडून उजवीकडे अगदी हळू फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला असे समजावे. या वयाच्या आणि या वापराच्या कोणत्याही गाडीत तो जाऊ शकतो, आणि खर्च फार नसला तरी भाव करताना तो मोजला पाहिजे. मागचे चाक वर-खाली हलवून मोनोशॉकच्या सांध्यांत खडखड येते का ते पाहावे. मोनोशॉकचे खालचे टोक ज्या सांध्यांनी मागच्या चाकाच्या स्विंगआर्मला जोडलेले असते त्या लिंकेजला ग्रीस लागते, आणि बहुतेक मालक ते काम कधीच करून घेत नाहीत, म्हणून सौदा झाल्यावर मी सर्वांत आधी हेच करायला सांगते. स्पोक ढिले आहेत का, रिम वाकली आहे का, इंजिनाखालची पत्री कितपत चेपली आहे, यावरून गाडी कशा वाटांवर फिरली ते विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा खरे समजते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावावे. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत टॅपेटचा आवाज आणि सायलेन्सरचा धूर दोन्ही लपतात.

वर्षाची निवड माझ्या मते अशी करावी. बीएस-३ च्या, कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या ३१ मार्च २०१७ पर्यंतच नव्याने विकता आल्या. त्या आता वयाने बऱ्याच पुढे गेल्या आहेत आणि कार्ब्युरेटर स्वतः उघडणाऱ्यानेच त्यांच्याकडे वळावे. नंतरच्या बीएस-४ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आले, आणि २०१८ च्या उत्तरार्धापासून एबीएस. पैसे बेताचे असतील तर हीच निवड. थोडे अधिक देता येत असतील तर बीएस-६ घ्यावी : वजन थोडे वाढले आहे, पण मागचा एबीएस बंद करता येतो.

आपल्यापैकी पुष्कळजण अशी गाडी पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या ओळखीने घेतात, कारण तिथे पर्याय जास्त असतात. तसे करायचे असेल तर महाराष्ट्रातल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, तेव्हा मध्य प्रदेशचा कर पुन्हा भरावा लागेल हे किमतीत आधीच धरावे. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज सौद्यापासून चौदा दिवसांच्या आत करायचा असतो. तो झाल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.