मिशिगनची पिवळ्या 'एम'वाली हुडी, घेण्यासारखी आहे का?

ऑक्टोबरात आई आलेली, तिला इथे अमेरिकेत अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच दाखवायला नेलं, म्हणजे आपला पायाचा फुटबॉल नाही, ते बॉल हातात धरून पळतात तो. ऊन बघून स्वेटर गाडीत ठेवला, गाडी लावलेली मैलभर लांब, आणि स्टेडियम येईपर्यंत असा वारा सुटला की आई कुडकुडायलाच लागली. मग वाटेतल्या दुकानातून ही गडद निळी हुडी घेतली. ६५ डॉलर, मनात रुपये केलेच.

पण माल चांगला निघाला. आतून मऊ लव, पुढच्या खिशात दोन्ही हात मावतात. फक्त एक बघा, 'एम' शिवलेला घ्या, छापलेला नको. मी स्वतःसाठी दुसरीकडून छापील स्वस्तात घेतली, चार धुण्यांत अक्षराचे पापुद्रे निघाले. आईच्या हुडीला नाशिकला बाई ब्रशने घासते तरी एक टाका सुटलेला नाही. रंग मात्र जातो, पहिल्या दोन धुण्यांत एक पांढरा टॉवेल निळसर झाला. आणि साइज एक नंबर लहान घ्या, आई अजून बाह्या दुमडते.

ही असली हुडी घराघरात गेली त्यात डॉन कॅनहॅम नावाच्या माणसाचा मोठा हात. १९६८ ते १९८८ तो इथला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. आपल्या कॉलेजचे जिमखान्याचे सर डोळ्यापुढे आणू नका, इथे या पोस्टवरचा माणूस कोच नेमतो, स्टेडियम भरतो, सगळ्या खेळांचा खर्च भागवतो. हा मूळचा उंच उडीवाला, १९४० चा कॉलेज चॅम्पियन, मग वीस वर्षं इथेच ट्रॅकचा कोच आणि जोडीला क्रीडासाहित्य विकायचा स्वतःचा धंदा, त्यामुळे विकणं अंगातच मुरलेलं. आला तेव्हा लाखाच्या वरचं स्टेडियम मोठ्या मॅचेस सोडल्या तर भरायचं नाही. त्याने घरोघरी पोस्टाने माहितीपत्रकं पाठवली, बायकापोरांसकट या, डबे घेऊन या, दिवसभराची सहल करा असा प्रचार केला, कॉफीचे मग, टोप्या, शर्ट सगळ्यावर 'एम' विकला. कोच म्हणून बो शेंबेकलरला आणलं आणि पहिल्याच वर्षी, १९६९ ला, कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला २४-१२ हरवलं. आता टीम जिंकत होती म्हणून लोक आले का जाहिरातीने, यावर इथे कुणाशीही वाद घालता येतो, मला विचाराल तर नुसत्या जिंकण्याने आजी आणि नातवंडं येत नाहीत. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, २०२० च्या कोविडमधल्या मॅचेस सोडल्या तर, प्रत्येक घरच्या मॅचला लाखाच्या वर माणूस. आणि एवढा विक्या माणूस, पण मैदानात जाहिरातीचे बोर्ड लावू दिले नाहीत! हे मला जाम आवडलं.

आईला हे सगळं मॅच चालू असताना सांगत होतो, ती म्हणाली, "अरे पण मारामारी का करतायत ते?"

आता डिसेंबरात ती हीच घालून सकाळी फिरायला जाते. कुणीतरी विचारलं एम म्हणजे काय हो काकू, तर म्हणे म्हसरूळ (नाशिकचाच एक भाग). धाकट्या मावशीलाही हवीय, शिवलेलाच घेणार, पण यावेळी सेलमध्ये.