‘सेटिंग करून दिलेली’ एसएसडी घेताय? आधी पाकीट बघा

नागपुरात बर्डीवर एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह, घ्यायला निघालेल्यांसाठी लिहितोय, विशेषतः लग्नसराईच्या तोंडावर डिस्क भरून बसलेल्या फोटोग्राफर मंडळींसाठी.

मी १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) मागितली. दुकानदारानं काढली ती फोडलेल्या पाकिटातली. विचारलं तर म्हणे, "भाऊ, कंपनीचं सेटिंग ४ केबीचं राह्यते, लवकर घासते. आम्ही ६४ केबी करूनच देतो. लाइफ डबल! पाचशे रुपये फक्त."

सगळी लबाडी इथंच आहे. सेटिंगच्या नावाखाली सील तुटल्याचं कारण तयार असतं. घरी क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्ह तपासायचं सॉफ्टवेअर लावलं तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे ड्राइव्ह चालू राहिल्याचे तास, ९ हजारांच्या वर, एकूण लेखन १९० टीबीच्या आसपास. म्हणजे कुठल्या तरी मशीनमध्ये वर्षभर रात्रंदिवस राबून आलेली ड्राइव्ह, नव्याच्या भावात. वर पाचशे.

आता त्या ६४ केबीचं. हा फाइल सिस्टिमचा अ‍ॅलोकेशन युनिट, म्हणजे एका फाइलला मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा. विंडोजमध्ये फॉर्मॅट करताना कुणीही फुकटात निवडू शकतो. चिपमध्ये लेखन पेजनं होतं, सहसा ४ ते १६ केबीच्या. पुसताना मात्र कित्येक एमबीचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. हा मेळ ड्राइव्हमधला कंट्रोलर घालतो, तुमचं फॉर्मॅट नाही. झीज ठरते ती किती लिहिलं, किती जागा मोकळी ठेवली आणि ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा ड्राइव्हला कळवणारी सोय) चालू आहे का, यावर. नुसत्या मोठ्या व्हिडिओ फायली असतील तर ६४ केबीनं बिघडत नाही. माझ्या प्रत्येक रॉ फोटोमागे मात्र काही केबींची एक्सएमपी फाइल (एडिटिंगची नोंद ठेवणारी) असते, आणि तिलाही ६४ केबी जागा जाते. अशा दहा हजार फायली म्हणजे ६०० एमबीच्या वर. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ आणि ‘साइज ऑन डिस्क’ शेजारी शेजारी बघा.

मांडणीची एक अडचण मात्र खरी होती. विंडोज एक्सपीच्या काळात पार्टिशन (डिस्कचा भाग) ६३व्या, अर्ध्या केबीच्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, ४ केबीच्या हिशेबात बसायचं नाही, आणि एक लेखन दोन पेजांवर सांडायचं. व्हिस्टापासून सुरुवात १ एमबीवर होते. तो प्रश्न तेव्हाच मिटला, पण दुकानात अजून विकला जातोय.

रीडिंग दाखवलं तर दुकानदार म्हणतो, "फॉर्मॅट केलं की तास वाढतात." एका फॉर्मॅटनं ९ हजार तास! बिलावर सिरियल नंबर नाही, नुसतं ‘एसएसडी १ टीबी’. त्यामुळे ही ड्राइव्ह त्याच्याच दुकानातली, हे सिद्ध करणं जड जातंय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी काउंटरवरच रीडिंग लावायला सांगा आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या.