अपूर्णांकाच्या पट्ट्यांचा संच: शाळेचं अख्खं वर्ष वापरून झाल्यावर

लेक पाचवीतून सहावीत गेली तेव्हा हा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा संच घेतला होता. एक अखंड पट्टी, आणि तेवढ्याच लांबीचे २, ३, ४, ५, ६, ८, १० आणि १२ समान तुकडे, प्रत्येक छेदाला वेगळा रंग. शाळेचं वर्ष संपत आलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

बेरजेला संच झकास. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून १/२ + १/३ = २/५ लिहायची खोड बहुतेक मुलांना असते. अर्ध्याच्या पट्टीखाली पाचव्या भागाचे दोन तुकडे ठेवले, तर ते आखूडच भरले. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसं झालं, हे मग तिनेच विचारलं. सहाव्या भागाचे तुकडे लावले: अर्ध्याखाली तीन, एक तृतीयांशाखाली दोन, झाले ५/६. लसावि कशाला काढायचा, याचं उत्तर तिथेच मिळालं.

पण पैसे वसूल झाले ते भागाकारात. ३/४ ÷ १/२ चं उत्तर वहीत दीड यायचं, कारण 'उलटा करून गुणा' पाठ होतं. पट्ट्यांवर मात्र ती सव्वा म्हणायची. पाऊण लांबीत अर्ध्याची पट्टी एकदा बसते, पाव उरतो. म्हणजे सव्वाच की! यावर आमची चांगलीच जुंपली. मोजतोय अर्ध्याच्या पट्टीने, तर उरलेला तुकडाही त्याच पट्टीने मोजायला हवा. पाव म्हणजे त्या पट्टीचा निम्मा, म्हणून दीड. हे पटायला वेळ लागला. (शेजारच्या दहावीतल्या मुलालाही विचारलं, तोही आधी सव्वाच म्हणाला.)

गुणाकाराला संच कुचकामी. २/३ × ३/४ म्हणजे भागाचा भाग, तो नुसत्या लांबीत नीट दिसत नाही. त्यासाठी साधी चौकटीची वही बरी. चार रकाने, तीन ओळींचा आयत काढायचा, तीन रकाने एका रंगाने आणि दोन ओळी दुसऱ्या रंगाने रंगवायच्या. दोन्ही रंग पडलेली घरं ६, एकूण १२. उत्तर निम्मं.

याच वहीवर मग भूमितीही सुरू झाली. पाया ७, उंची ४ आणि तिरकी बाजू ५ असा समांतरभुज चौकोन काढा. वरची बाजू तीन घरं सरकवली की कोपरे बरोबर चौकटींच्या टोकांवर येतात. क्षेत्रफळ विचारलं की मुलं ७ × ५ = ३५ सांगतात. डावीकडचा त्रिकोण कापून उजवीकडे चिकटवला की ७ बाय ४ चा आयत, म्हणजे २८. ७ आणि ५ बाजूंचा आयत घेतला, तर परिमिती दोन्हींची २४ च, पण क्षेत्रफळ ७ ने जास्त. परिमिती तीच तर क्षेत्रफळही तेच, हा समज त्या दिवशी गेला.

संचासोबत फुकट आलेल्या कोनमापकाबद्दल फार लिहीत नाही. त्याची शून्याची रेघ खालच्या कडेच्या जरा वर आहे, हे ध्यानात येईपर्यंत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज कधीच १८० भरली नाही.

खरी तक्रार तुकड्यांच्या मापाची. बारावे भाग किंचित मोठे कापलेत. एकेक बघून कळत नाही, पण बारा ओळीने लावले की अखंड पट्टीच्या बाहेर डोकावतात. ३/५ आणि ७/१२ यांत फरक फक्त १/६० चा. अशा तुलनेत पट्ट्यांवर विसंबू नका, समच्छेद करूनच बघा.

आणि सातवे, नववे भाग संचात नाहीतच. त्यावर तोडगा रेघी वहीत आहे. कागदाची पट्टी तिरकी ठेवायची, एक टोक एका रेघेवर आणि दुसरं तिच्याखालच्या सातव्या रेघेवर. मधल्या रेघा जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा करायच्या. रेघा समांतर आणि सारख्या अंतरावर असल्यामुळे पट्टीचे बरोबर सात समान भाग पडतात, लांबी कितीही असो, फक्त त्या सात रेघांच्या अंतराहून कमी नको. आता छेद ७ किंवा ९ आला की ती संच उघडतच नाही, वहीच ओढते.