अथेन्सचे घुबड विकत घेण्याआधी कड पाहा

जर्मनीतल्या नाण्यांच्या एका मेळाव्यात अथेन्सचे प्राचीन चार द्राख्मांचे (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचे चांदीचे चलन) नाणे, ज्याला संग्राहक ‘घुबड’ म्हणतात, म्हणून १,३५० युरोंना मी जे विकत घेतले, ते प्राचीन नाही आणि ठशाने पाडलेलेही नाही. दागिन्यांच्या चांदीतून साच्यात ओतलेली ती एक नक्कल आहे. त्या रकमेपैकी ९५० युरो मी रोख मोजून दिले आणि ४०० बँकेतून पाठवले. पुढे धातूच्या तपासणीचे ४० आणि वकिलाच्या सल्ल्याचे १९० असे धरून नुकसान १,५८० युरोंचे झाले. घरी मी अजून हा पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे तो लिहितो आहे, कारण तोच विक्रेता त्याच साच्यातली नाणी अजून विकतो आहे आणि त्याला अडवण्यात कोणालाही रस नाही.

मी अगदीच अडाणी गिऱ्हाईक होतो असे कोणी समजू नये. शाळेत असल्यापासून शिवराया जमवल्या आहेत. झिजलेल्या तांब्यावरची अक्षरे बोटाने चाचपून वाचण्याची सवय आहे. हे ग्रीक नाणे साधारण १७.२ ग्रॅमचे असते, त्याची चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली आणि फार शुद्ध असते, एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर व शहराच्या नावाची तीन अक्षरे असतात, हे सारे मला ठाऊक होते. इ. स. पू. पाचव्या शतकातल्या नाण्यांवर अथेनाचा चेहरा बाजूने दिसत असूनही डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा बदामी असतो आणि चौथ्या शतकात तो बाजूने काढलेला दिसू लागतो, हेही मी पडताळून पाहिले. माझ्या नाण्यावरचा डोळा बिनचूक होता. तो असणारच, कारण साचा खऱ्या नाण्यावरूनच घेतलेला होता! शैली पाहून खोटे ओळखता येते हा विश्वास ओतीव नकलेपुढे कवडीमोल ठरतो, हे ध्यानात असू द्या.

विक्रेत्याने आधी मला भारताच्या वायव्येस राज्य केलेल्या मिनँडर या ग्रीक राजाचा एक द्राख्मा ८५ युरोंना विकला, आणि तो खरा होता. मी भारतीय आहे हे कळताच त्याने भडोचच्या बंदराचा विषय काढला आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातही तिथे अपोलोडोटस व मिनँडर यांची जुनी नाणी चालत होती, हे मला सांगितले. ही माहिती खरीच आहे, एका ग्रीक प्रवासवृत्तांतात तिची नोंद आहे. पण ती सांगणारा माणूसही खराच असला पाहिजे, असे मी का गृहीत धरले, ते आज मला सांगता येत नाही. मग ही नाणी आजोबांच्या जुन्या संग्रहातली आहेत, ही विक्रेत्यांची नेहमीची गोष्ट आली.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली आहे, त्याविषयी. त्याने मखमलीवर तीन घुबडे मांडली आणि हवे ते निवडा म्हणाला. तिन्हींवर अथेनाच्या शिरस्त्राणाचा तुरा पूर्ण उमटलेला होता. खऱ्या नाण्यांत हे क्वचित दिसते, कारण हातोड्याने उमटवायचा ठसा धातूच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठा असे आणि तुऱ्याचा भाग बहुधा बाहेर जाई. म्हणूनच पूर्ण तुऱ्याच्या नाण्याला जास्त किंमत मिळते. एकाच आजोबांकडे अशी तीन नाणी? त्याहून वाईट म्हणजे, त्यांपैकी दोन नाण्यांच्या कडेला घुबडाच्या शेपटीखाली सारख्याच जागी, सारख्याच लांबीचा तडा होता. हातोड्याच्या घावाने चकती फुटते तेव्हा तो तडा त्या एका नाण्यापुरता असतो; एकाच ठशाची दोन नाणी असली, तरी चित्र जुळेल, तडा जुळणार नाही. मी दोन्ही तडे पाहिले, त्या सारखेपणाची गंमत वाटली, आणि त्या दोघांतले उजळ दिसणारे नाणे उचलले. भिंग खिशात होते, डोळे जागेवर होते, मेंदू कुठे होता कोण जाणे.

त्याने समोर वजन करून दाखवले: १७.१६ ग्रॅम. वजन बरोबर असणे ही पारख नव्हे. नक्कल करणाऱ्यालाही तो आकडा पाठ असतो. नाणे वाजवून पाहणेही इथे निरुपयोगी आहे, कारण जुनी चांदी काळाने ठिसूळ होते, आतून तडकते, आणि अस्सल नाणेही बद्द वाजू शकते. वजन करायचेच असेल, तर ते पाण्यात बुडवून करा. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, म्हणजे १७.१६ ग्रॅमच्या नाण्याचे वजन पाण्यात सुमारे १.६४ ग्रॅमने घटायला हवे. माझे १.७१ ने घटले. घनता १०.०४ च्या आसपास आली, याचा अर्थ चांदीत मिसळ तरी आहे किंवा ओतताना बुडबुडे तरी राहिले आहेत. क्ष-किरण तपासणीत चांदी ९२.५ टक्के निघाली, आणि दागिन्यांच्या चांदीचे हे प्रमाण कोणत्याही सराफाला तोंडपाठ असते. मात्र ही तपासणी पृष्ठभागापुरतीच असते, त्यामुळे मुलाम्याचे नाणे तिच्यातून सुटू शकते. शिवाय शुद्ध चांदीतून बनवलेली नक्कल या दोन्ही चाचण्या उत्तीर्ण होईल.

शेवटी एका ज्येष्ठ संग्राहकांनी नाणे उभे धरून फक्त कड पाहिली आणि मान हलवली. खरा तडा धारदार आणि धातूत खोल शिरलेला असतो. माझ्या नाण्यावरचा तडा म्हणजे गोलसर ओठांची, तळ बंद असलेली खोबण होती. शेजारी कानशीने घासलेली साच्याच्या सांध्याची रेषा होती. अनेक अस्सल घुबडांवर छिन्नीचा प्राचीन घाव असतो, आत तांबे आहे का हे पाहण्यासाठी मारलेला, आणि त्याने किंमत बरीच उतरते. मी तसे एक स्वस्तातले नाणे ‘विद्रूप’ म्हणून नाकारले होते. ते बहुधा खरे होते.

पोलिसांकडे गेलो, तर हा खाजगी व्यवहार आहे, विक्रेत्याला नाणे खोटे असल्याचे माहीत होते हे सिद्ध करावे लागेल, असे सांगण्यात आले. आणि लगेच दुसरा प्रश्न आला, की नाणे खरे असते तर ते कोणत्या देशातून आले याची कागदपत्रे मी मागितली होती का. प्रश्न चुकीचा नाही, ग्रीसमध्ये प्राचीन वस्तूंबाबत २००२ चा कडक कायदा आहे. पण तक्रारदार मी असताना चौकशीही माझीच व्हावी, हे कोणते न्यायाचे माप? आयोजक म्हणाले, आम्ही फक्त टेबले भाड्याने देतो. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवले. संग्रहालयाने कळवले, की खाजगी वस्तूंवर आम्ही मत देत नाही. मत देणे ज्यांना येते ते देणार नाहीत आणि ज्यांना येत नाही ते शिक्क्यासह प्रमाणपत्र देतात, अशी ही व्यवस्था आहे.

याच अथेन्समध्ये इ. स. पू. ३७५–३७४ साली केलेला एक कायदा दगडावर कोरलेला आहे; तो दगड १९७० मध्ये तिथल्या अगोरात, म्हणजे प्राचीन बाजारचौकात, सापडला. त्यानुसार चांदी पारखणारा सरकारी गुलाम बाजारात सराफांच्या टेबलांपाशी बसत असे, खोटे नाणे तिथल्या तिथे कापत असे, आणि तो कामावर बसला नाही किंवा त्याने नियमाप्रमाणे पारख केली नाही, तर त्याला पन्नास फटके मारले जात. मला आलेल्या पत्रांवर सही करणाऱ्या प्रत्येकाला हे भाषांतर करून पाठवावे, असे वकिलाच्या जिन्यावरून उतरताना मनात आले होते.

विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि नाणे मागे कोणत्या लिलावात विकले गेले त्याची छापील नोंद, ही तिन्ही मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. रोख तर मुळीच नको. परत घेण्याची हमी लेखी आणि मुदतीशिवाय घ्या. बाजारभावापेक्षा थोडेच स्वस्त असलेले नाणे फार स्वस्तातल्या नाण्याहून घातक असते, कारण त्याचा संशय येत नाही. आणि एकाच विक्रेत्याच्या सगळ्या नाण्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहा: ओरखडे, तडे, कडेचे आकार.

तक्रार निकाली काढून पोलिसांनी नाणे मला परत दिले आणि पावतीवर वर्णन लिहिले: ‘चांदीचे प्राचीन ग्रीक नाणे, १’. ही पावती कोणाच्या हाती पडली, तर ती जोडून हे नाणे उद्या पुन्हा विकता येईल. ‘प्राचीन’ हा शब्द वगळून नवी पावती द्यावी असा अर्ज मी केला आहे. त्याला अजून उत्तर आलेले नाही.