कागदाच्या पाठीमागून दिसणारा पिकासो

कलावंतांवरचे माहितीपट मी आवडीने पाहतो, परंतु बहुतेकांच्या शेवटी एकच रुखरुख लागून राहते. त्या माणसाचा जन्म, विवाह, प्रदर्शने आणि त्याच्याविषयी जाणकारांची मते हे सारे कळते. त्याचा हात कसा चालतो आणि कुठे अडतो, हे मात्र कळत नाही. फ्रेंच दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो यांचा १९५६ सालचा ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’ हा सुमारे सव्वा तासाचा माहितीपट ही रुखरुख पुष्कळशी दूर करतो, म्हणून तो आजही आवर्जून पाहावा असे मला मनापासून वाटते.

१९५५ च्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्समधील नीस येथे त्याचे चित्रीकरण झाले, तेव्हा पिकासो ७३ वर्षांचे होते. क्लूझो यांची युक्ती साधी होती. आरपार झिरपणाऱ्या शाईने पिकासो कागदाच्या एका बाजूने चित्र काढत आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूने ते टिपत असे, त्यामुळे चित्रकाराचा हात किंवा पाठ मध्ये न येता पांढऱ्या पडद्यावर रेषा आपोआप उमटत जाताना दिसते. तैलचित्रे मात्र अशी टिपता येणे शक्यच नव्हते. ती टप्प्याटप्प्याने समोरून चित्रित केलेली आहेत.

एका प्रसंगी फिल्म संपत आलेली असते, दिग्दर्शक उरलेला वेळ सांगत असतो आणि तेवढ्यात चित्र पुरे करायचे असते. कागदावर आधी फुले उमटतात. ती पुरती फुललीशी वाटतात न वाटतात तोच त्यांच्याभोवती रेषा फिरते आणि त्यांचा मासा होतो, माशाची कोंबडी होते, आणि शेवटी त्या साऱ्यावर रंग चढून एक चेहरा आपल्याकडे पाहू लागतो. आधीची चांगली चित्रे अशी एकाखाली एक गाडली जाताना पाहून जीव हळहळतो. पण चित्रकार कशावर पाणी सोडतो हे पाहिल्याशिवाय त्याने काय राखले याची किंमत कळत नाही, हे तेथे डोळ्यांदेखत पटते.

उणिवाही आहेत. पाच तासांचे काम पडद्यावर काही मिनिटांत आटोपते, आणि चित्रपटातच त्याचा उल्लेख असला तरी विचारात गेलेला, हात थांबलेला वेळ आपल्या वाट्याला येत नाही. जॉर्ज ओरिक यांचे संगीत काही ठिकाणी चित्रावर कुरघोडी करते. जेथे केवळ लेखणीची खरखर ऐकू येते, ती दृश्ये कितीतरी अधिक परिणामकारक आहेत. शिवाय पिकासोंच्या आयुष्याविषयी येथे जवळजवळ काहीच नाही. आयुष्य आणि काम एकत्र पाहायचे असेल, तर सत्यजित राय यांनी आपले गुरू, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर १९७२ मध्ये केलेला ‘द इनर आय’ हा छोटा माहितीपट जोडीला घ्यावा. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर दृष्टी गमावलेला हा चित्रकार त्यात काम करताना दिसतो आणि राय यांनी कोठेही दयेचा सूर लावलेला नाही.

तरीही पुन्हा पाहायचा झाला, तर मी क्लूझो यांच्या चित्रपटाचा अखेरचा भागच प्रथम लावीन. तेथे समुद्रकिनाऱ्याचे एक मोठे चित्र पिकासोंना काही केल्या साधत नाही. माणसे येतात, पुसली जातात, रंग बदलतात, पुन्हा बदलतात, आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर चित्र अधिकच बिघडत जाते. काम वाईट चालले आहे हे पिकासो स्वतःच बोलून दाखवतात, आणि मग तो कॅनव्हास बाजूला ठेवून तेच चित्र दुसऱ्या कॅनव्हासवर नव्याने सुरू करतात.