गावचे वाचनालय की टपालाने मागवलेले पुस्तक?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात. आमच्या गावचे वाचनालय ‘ड’ वर्गातले, त्यामुळे कपाटे मोजकीच, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दार उघडे सापडेलच असे नाही. तरीही पुस्तकाला चिकटवलेल्या कागदावरचे तारखांचे जांभळे शिक्के पाहत, मधली चार वर्षे ते कोणीच कसे नेले नाही याचा विचार करण्यात (निदान मला) मौज वाटते, शिवाय परतीची तारीख डोक्यावर असल्याने पुस्तक वाचून संपते. टपालाने हवे तेच पुस्तक येते आणि समासात पेन्सिल चालवता येते. मात्र घरची सगळी शेतात असली की पोस्टमन कुलूप पाहून परत जातो. कादंबरी मी वाचनालयातूनच आणतो, शब्दकोश मात्र विकतच घ्यावा.