पाच श्रावणांनंतरचं आयकिया

तुर्भ्याचं आयकिया, म्हणजे ते स्वीडिश कंपनीचं फर्निचरचं दुकान, १८ डिसेंबर २०२० ला उघडलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कोण जाऊन आलं, कुणाला वेळ मिळाली, कुणी मेणबत्त्याच घेऊन परतलं. रिव्ह्यूही तेव्हाच धडाधड पडले. मी लिहिला नाही, कारण आमचे आप्पा म्हणतात, लाकडी सामान कसं आहे ते पहिला श्रावण सरल्यावर विचारावं. माझे आता पाच श्रावण झाले. २०२३ चा अधिक धरला तर सहा.

आप्पा म्हणजे माझे वडील. संगमेश्वर तालुक्यातले, शाळा चौथीपर्यंत, सुतारकी चाळीस वर्षं. गिरगाव-दादरच्या चाळींतली कपाटं, मग वाशी वसायला लागली तेव्हा तिथले ओटे नि पलंग. आता आमच्याकडेच असतात, कोपरखैरण्याला. त्यांना घेऊन फर्निचरच्या दुकानात जायचं म्हणजे हलवायाला घेऊन दुसऱ्याच्या लग्नाला जाण्यासारखं आहे. जेवण राहतं बाजूला, पाकच चाखत बसतात.

पहिल्यांदा गेलो ते जानेवारी २०२१ मध्ये. तेव्हा आधी ऑनलाइन नाव नोंदवून वेळ घ्यावी लागायची, तोंडाला मास्क. आप्पांनी निघताना शर्टाच्या खिशात स्वतःची स्टीलची टेप टाकली. ठाणे-बेलापूर रोडवर ती निळी पेटी लांबूनच दिसते. आत जागा पाच लाख चौरस फुटांच्या आसपास आहे. ते ऐकून आप्पांनी एकच विचारलं, "संडास कुठे हाय तेवढं आधी बघून ठेव." सत्तरीच्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी हा सल्ला मनावर घ्यावा, कारण वरच्या मजल्यावरून सुरू होणारी वाट नागोबासारखी वळत वळत सगळ्या खोल्यांतून फिरवून आणते. जमिनीवर बाण आहेत. मधूनच पलीकडे जायला चोरवाटा आहेत, पण त्या हेरायला दुसरी फेरी लागते.

तिथल्या मांडलेल्या खोल्यांबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी वाढवत नाही. एवढंच सांगते, की छोट्या घराचा नमुना म्हणून जी खोली सजवलीये तिच्यात उभी राहिले आणि मला माझ्या वन बीएचकेची लाज वाटायच्या ऐवजी आशा वाटायला लागली. विकायची कला म्हणतात ती हीच. आप्पा मात्र खोली बघतच नव्हते. ते प्रत्येक कपाटापुढे उकिडवे बसून खालची कड बघत होते.

"बाय, हे लाकूड नाय. भुसा हाय."

खरंच आहे. बरंचसं सामान पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात घालून दाबलेला, वरून कागद किंवा फॉइल. दुकान ते लपवत नाही, चिठ्ठीवर कशाचं बनलंय ते लिहिलेलं असतं. लॅक नावाचं ते सगळ्यांच्या घरी असणारं छोटं टेबल आप्पांनी बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. ढोलकीसारखा आवाज. आत मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी असते, म्हणून ते एका हातानं उचलतं. मला वाटलं आता हे सगळं दुकान मोडीत काढणार. तर म्हणाले, "हुशार मानूस हाय. चहाच्या कपाला किती लाकूड लागतंय?"

आणि मग पोएंग आली. वाकवलेल्या हातांची ती झुलती खुर्ची, मागे रेललं की किंचित लवते. जपानी डिझायनर नोबोरू नाकामुरा यांनी १९७६ मध्ये तिचा आराखडा केला, तेव्हापासून जगभर विकली जातेय. बर्चच्या पातळ पातळ पट्ट्या एकावर एक गोंदानं चिकटवून, साच्यात दाबून तिचा सांगाडा वाकवतात. आप्पांनी आधी ती आडवी केली. कडेचे थर नखानं मोजले. हातावर तळवा फिरवून रंधा कुठे अडलाय का बघितलं. मग बसले, आणि जे बसले ते पंधरा मिनिटं उठले नाहीत. मागे एक बाई ताटकळत उभी होती, तिला म्हणाले, "ताई, तुम्ही पुढची बघा, ही आमची झाली."

आम्ही तीन वस्तू घेतल्या. आप्पांना पोएंग, लेकीच्या पुस्तकांना बिली नावाचं कपाट आणि ते ढोलकी टेबल. किमतीचे आकडे देत नाही, तेव्हाचे आता राहिले नाहीत. पण बिलीचा हिशोब आप्पांनी तिथेच केला तो देते. ८० सेंटिमीटर रुंद, २८ खोल, २०२ उंच. टेप लावून, डोळे मिटून, ओठ हलवत म्हणाले, "आठ बाय चारच्या एका शीटात निघंल. पाठीला पातळ प्लाय वेगळा. वर सनमायका, आन् मिस्त्रीची चार दिवसांची मजुरी." त्या सगळ्याच्या बेरजेपेक्षा बिली बरीच स्वस्त पडत होती. त्याच बेरजेत प्लाय मात्र वीस वर्षं टिकला असता. दोन्ही त्यांनी एकाच दमात सांगितलं आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी बिली घेतली. लेक दहावीनंतर काय शिकेल, कुठे जाईल, कुणाला माहीत. वीस वर्षांचं कपाट कशाला.

वस्तू खालच्या गोदामातून आपणच काढायच्या असतात. रांग क्रमांक, खण क्रमांक, आणि एक लांबलचक चपटा खोका. घरपोच पाठवायची आणि माणूस येऊन जोडून द्यायची सोय आहे, दोन्हीचे पैसे वेगळे. मी बाहेरचा टेम्पो केला. बिलीचा खोका दोन मीटरहून जास्त लांब, रिक्षात जाणं शक्यच नाही. टेम्पोवाल्यानं निळ्या इमारतीकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून भाडं सांगितलं, त्यावरून तोही या दुकानाला चांगला ओळखत होता.

आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या वळणावर खोका अडला. नवरा खालून ढकलतोय, मी वरून ओढतेय, शेजारचा मुलगा मधे सँडविच झालाय. आप्पा कठड्याला टेकून सूचना देत होते, "डोकं वर घ्या! डोकं! अरे, पाय कशाला उचलताय?" खोक्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे फक्त त्यांनाच कळत होतं. शेवटी उभा करून, गर्रकन फिरवून घेतला.

वर आल्यावर मी त्यांना वाचलेली गोष्ट सांगितली. इंग्वार कामप्राद यांनी १९४३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी ही कंपनी काढली. १९५६ मध्ये त्यांच्याकडच्या एका माणसाला टेबल गाडीत मावेना, तेव्हा त्यानं पाय काढले, आणि तिथून हे चपट्या खोक्यांचं धोरण आलं. आप्पा हसले. "आमी काय करत व्हतो मग? गिरगावच्या जिन्यातनं डबल बेड कधी अख्खा गेलाय? साइटवर बनवायचा, खोलायचा, वर न्यायचा, पुन्हा ठोकायचा. फक्त आमी ते घरवाल्याला करायला लावलं नाय."

तर, ठोकणं. सोबतच्या पुस्तिकेत एक अक्षर नसतं, नुसती चित्रं आणि एक गुबगुबीत माणूस. आमचे हे इंजिनियर. त्यांनी पुस्तिका बाजूला ठेवली, "कॉमन सेन्स आहे" म्हणाले, आणि अर्ध्या तासात एक आडवी फळी कच्ची, म्हणजे फॉइल नसलेली, कड पुढे करून बसवली. चूक सर्वस्वी घरची, दुकानाचा काही दोष नाही. मग आप्पांनी पुस्तिका घेतली. ज्या माणसाला मोबाइलवरचा मेसेज माझ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ती चित्रं एकदा चाळली आणि म्हणाले, "हं. मिनिफिक्स हाय." ती गोल फिरवायची चकती ते केव्हापासून ओळखतात. मग कुठे थांबले नाहीत. एकदाच, लाकडी खुंट्या बघून: "एवढं तरी लाकूड दिलंय."

कच्ची कड सुलटी करायची म्हणजे घट्ट झालेले स्क्रू काढून पुन्हा लावायचे. इथे आप्पांनी यांना पहिल्यांदा दटावलं. भुशाचा बोर्ड स्क्रू एकदाच नीट धरतो, दुसऱ्यांदा भोक सैल होतं. त्यांनी आगकाडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्या भोकात बसवली, सुकू दिली आणि मग स्क्रू पिळला. तो अजून घट्ट आहे. ज्यांना भाड्याची घरं बदलावी लागतात त्यांनी हे लक्षात ठेवा: असलं कपाट सारखं खोलून जोडू नका, अख्खंच हलवा.

याच्या आधी मी एका दुकानातून, नाव घेत नाही, बोर्डाचंच कपाट आणलं होतं. रोजच्या ओल्या फडक्यानं ते खालून फुगून पावासारखं झालं. म्हणून बिलीच्या बाबतीत आप्पांनी दोन गोष्टी केल्या. खाली कडप्प्याच्या दोन पट्ट्या दिल्या, म्हणजे फरशीचं पाणी बोर्डाला लागत नाही. आणि मागच्या भिंतीपासून बोटभर अंतर सोडून, रावळ प्लग ठोकून, सोबत आलेल्या पट्टीनं ते भिंतीला बांधलं. पट्टी बांधायला विसरू नका. घरात मूल असेल तर मुळीच नाही, मुलं कपाटावर चढतात. लेकीची पुस्तकं म्हणजे स्पर्धापरीक्षांचे ठोकळे. एवढ्या लांबीच्या बोर्डाच्या फळीवर असलं वजन कायम ठेवलं की कुठल्याही कंपनीची फळी मधे झोळ धरते. आप्पांनी आधीच दोन फळ्यांना खालून सागाची पट्टी मारली. पाच पावसाळे झाले, खालची कड कोरडी, फळ्या सरळ. आता यातलं किती श्रेय आयकियाचं आणि किती संगमेश्वराचं, ते मला विचारू नका.

पोएंगला काहीच करावं लागलं नाही. गादीचं कव्हर निघतं, धुता येतं. सांगाडा करकरत नाही. आप्पांचे पाय मात्र अधांतरी राहायचे, त्यासाठीचं पायाचं स्टूल वेगळं विकत मिळतं. ते त्यांनी घेऊ दिलं नाही. माळ्यावरचा सागाचा तुकडा काढून स्वतः बनवलं. खुर्ची फिकट, स्टूल काळपट. लेक म्हणते, आजोबा, मॅच होत नाही. आजोबा म्हणतात, पायाला रंग दिसत नाय.

ढोलकी टेबलावर एकदा नवऱ्यानं इस्त्री ठेवली. त्याबद्दल इथे लिहिणं योग्य नाही.

पुढच्या फेऱ्या २०२२ पासूनच्या. तोवर घाटकोपरला मॉलमध्ये त्यांचं छोटं दुकान निघालं होतं, पण आम्हाला तुर्भेच जवळ. लेकीला तिथल्या खाण्याचं वेड. स्वीडनचे ते प्रसिद्ध मांसाचे गोळे इथे चिकनचे मिळतात, शाकाहारीही मिळतात. वर बटाट्याचा मऊ लगदा, पांढरट रस्सा आणि बाजूला लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम. आप्पांनी ताट निरखून विचारलं, "मुरांबा चुकून इकडं पडला काय?" पण संपवलं. मग माझ्या ताटातला मुरांबाही संपवला. रविवारी बसायला जागा शोधत ताट घेऊन हिंडावं लागतं, पंगतीत उशिरा पोचल्यासारखं.

नावांचा एक गंमतीचा भाग राहिला. कामप्राद यांना डिस्लेक्सिया होता, आकडी कोड लक्षात राहायचे नाहीत, म्हणून वस्तूंना नावं द्यायची पद्धत पडली: सोफ्यांना स्वीडनमधल्या गावांची, पलंगांना नॉर्वेतल्या. आप्पांना हे इतकं पटलं की बिलीचं त्यांनी लगेच बारसं केलं. आता घरात सगळे "बिल्या"च म्हणतात.

मार्क द्यायचे तर खुर्चीला दहातले नऊ, एक मार्क स्टुलाचे पैसे वेगळे घेतात म्हणून कापला. बिल्याला सात, घरात सुतार असेल तर आठ. टेबलाला किमतीच्या मानानं आठ. पूर्ण किचन किंवा मोठं वॉर्डरोब तिथून करायचं का, असं विचाराल तर मी केलेलं नाही, त्यामुळे बोलणार नाही.

जायचं तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा. घरातून निघण्याआधी जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी मोजून न्या, असं आप्पा सांगतात. आणि टेप आपली न्या. तिथे कागदी टेप फुकट मिळते, पण आप्पांच्या मते कागद जुलैत वाढतो.